अध्यक्षांच्या मनोगताची जागा

शाळेतली नोकरी सोडून मी हिंजवडीची वाट धरली, कारण ह्यांचा पिंपरीचा कारखाना बंद पडला होता आणि घर आता माझ्या एकटीवर होतं. कंपनी लहान, काम वेबसाइट बनवण्याचं. कुठला मजकूर वर ठेवायचा, कुठला कापायचा, कशाला काय मथळा द्यायचा, हे माझ्याकडे.

एका धर्मादाय रुग्णालयाची जुनी साइट सुधारायला आली. आपल्याकडे स्मरणिका असो की वेबसाइट, आधी अध्यक्षांचं मनोगत हवंच. मग दीपप्रज्वलनाचा फोटो, मग विश्वस्त, तेही मानाप्रमाणे. मी ते सगळं उचलून तळाशी नेलं आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर सगळ्यात वर घेतला.

रुग्णालयात दाखवायला निघालो, तेव्हा गाडीत आमचे साहेब म्हणाले, "हे काम गेलं, तर तुमची नोकरीही गेली म्हणून समजा."

अध्यक्षांनी नवं पान बघितलं. "वा! अध्यक्षाला दारात चपला सांभाळायला बसवलंत की!"

विश्वस्त हसले. साहेब घाईघाईने म्हणाले, "बदलून टाकू, सर!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, ही तुमची जुनी साइट. घरात कुणाच्या तरी छातीत कळ आलीय असं समजा, आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर काढून दाखवा."

साहेबांनी डोळे वटारले. अध्यक्षांनी माउस पुढे ओढला. मनोगत सरकायला लागलं, ते संपेचना. दीपप्रज्वलनाचा फोटो आला, विश्वस्त आले. भलत्याच जागी क्लिक झालं आणि स्वारी पुन्हा मनोगतावर.

"नंबर मला पाठ आहे," ते शेवटी म्हणाले. "शोधू कशाला?"

"आपल्याला पाठ आहे हो. पेशंटच्या बायकोला कुठून असणार?"

त्यांनी चष्मा काढला, पुसत बसले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "नंबर वर राहू द्या. पण या बाई पुन्हा इथे नकोत."

"हो सर," साहेब म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जिंकले होते मी, आणि संतापाने रडू फुटत होतं.

ऑफिसात परतल्यावर नवं पान मीच साइटवर चढवलं. रुग्णालय कंपनीकडे राहिलं, माझी नोकरी मात्र साहेबांनी घेतलीच. त्या कंपनीतलं माझं ते शेवटचं काम.