रोतिया बाईंना नातेवाईक नव्हते

आमच्या नोनोउती बेटावर माणसाला नातेवाईक नसणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू. मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली. कुणी कुठल्या खांबाशी टेकायचं हे आमच्या खापरपणजोबांच्या आधीपासून चालत आलंय. रोतिया बाई मात्र सव्वीस वर्षं पाहुण्यांच्या कडेला बसल्या, फिरते पाद्री आणि बोट बिघडली म्हणून अडकलेले लोक बसतात तिथे.

त्या पार उत्तरेच्या मकिन बेटावरून सायकल घेऊन आल्या, तेव्हा मी सहावीत होते. मला त्यांनी दोनदा नापास केलं. मी अजून विसरलेले नाही. गावानं त्यांना आपलंसं करायचा कमी प्रयत्न केला का? तीन स्थळं सांगून आली. त्यातलं एक आमच्या बाउरो काकांच्या थोरल्याचं, आणि तो तर दिसायला बरा होता. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात आले की तुमची सगळी पोरं पास करावी लागतील. नको."

बोलणं खरंच होतं. आमच्यात नात्यातल्या माणसानं रीतसर मागितलं की नाही म्हणायची सोय नाही. त्याला बुबुती म्हणतात. माझं मोठं पातेलं असंच गेलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याकडे शिलाई मशीन आहे ते नणंदेचं. अशा गावात नाही म्हणू शकणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे रोतिया बाई. "बाई, चार मार्क वाढवा की." "नाही." मग आम्ही घरी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडायचो. पण दरवर्षी सहावीतली आठ-नऊ पोरं मोठ्या शाळेत जायची, आणि ती स्वतःच्या अकलेवर जायची.

तर गेल्या वर्षी शिक्षण खात्याचे इओतेबा साहेब बोटीतून एक पेटी घेऊन उतरले. हे साहेब आमच्याच लोकांतले, पण राजधानीत, ताराव्यात राहून इस्त्रीचा शर्ट घालायला लागलेले. पेटीतून निघाला दहा वर्षांच्या पोराएवढा पांढरा यंत्रमानव. खाली चाकं, तोंडाच्या जागी काच, डोक्यावर उन्हाची वीज करणारी काळी पाटी. साहेब म्हणाले, "हा मास्तर. एक सत्र शिकवेल. मुलांचे मार्क वाढले तर पुढे हाच राहील, आणि रोतिया बाईंना त्यांच्या बेटावर पाठवू. दमल्या असतील त्याही."

बाई मानेआबात नेहमीच्या कडेला बसून ऐकत होत्या.

म्हाताऱ्यांनी चौकशी सुरू केली. बाउरो काकांनी विचारलं, "हा जेवतो काय?"

"काही नाही."

"झोपतो कुठे?"

"झोपत नाही."

"असू दे. बसणार कुठे?"

साहेबांना कळेना. म्हणाले, "कुठेही ठेवा, कोपऱ्यात ठेवा."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. गावात राहणार, पोरांना शिकवणार, आणि मानेआबात त्याला जागा नाही, हे कसं चालायचं? पाहुण्यांच्या कडेला बसवावं तर पाहुणा सत्रभर राहत नाही. (बाई राहिल्या होत्या, पण बाईंनी स्वतःच हट्ट धरला होता.) तीन दिवस खल झाला. त्या तीन दिवसांत मी एकटीनं बारा नीरफणस भाजले, कारण म्हाताऱ्यांना विचार करताना भूक फार लागते. शेवटी काका म्हणाले, "मी घेतो त्याला दत्तक. धाकटा भाऊ म्हणून."

मी म्हटलं, "काका, तो कारखान्यातून परवा निघालाय. भाऊ कसला? पणतू म्हणा."

"एवढं सगळं येतं त्याला, म्हणजे वय झालेलंच असणार," काका म्हणाले. "तू गप बस."

झालं. यंत्राला आमच्या खांबाशी बसवलं, गळ्यात हार घातला, आणि गावातली पोरं त्याच्यासमोरून कमरेत वाकून जायला लागली. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. आमच्या घराण्याशी गावात कोण जोडलेलं नाही? त्यामुळे ते सगळ्यांचेच आजोबा झाले.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. इओतेबा साहेबांनी आपली हुशारी म्हणून यंत्राच्या डोक्यात बेटांच्या सगळ्या रीती भरल्या होत्या, कुणाचा अपमान व्हायला नको म्हणून. त्यात पहिलीच रीत, नात्यातल्यांनी मागितलं तर द्यायचं. यंत्राला कुठून नातेवाईक येणार, असं त्यांना वाटलं असावं. आमच्या काकांना ते अजून नीट ओळखत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी माझी भाची ताबिता वर्गात उभी राहिली. पोरगी अकरा वर्षांची, पण जिभेला हाड नाही. ती रीतसर हात जोडून म्हणाली, "आजोबा, तिसऱ्या गणिताचं उत्तर मी तुमच्याकडे मागते."

यंत्र म्हणालं, "घे बाळ. एकशे चव्वेचाळीस."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी बावीस पोरांनी बावीस उत्तरं मागितली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी उत्तराचा वळसा कशाला म्हणून थेट मार्कच मागितले. आजोबांनी दिले, शंभरपैकी शंभर. मग मोठी माणसं कशाला मागे राहतील? डोक्यावरची वीजपाटी बाउरो काकांनी छपरासाठी मागितली. चाकं नारळाच्या गाडीला गेली. आवाजाचा कर्णा चर्चच्या गायकांनी नेला, मग आजोबा कुजबुजत शिकवायला लागले. रोज सकाळी चार जण त्यांना खांद्यावर घालून शाळेत न्यायचे आणि दुपारी काकांच्या छपरावरच्या त्यांच्याच पाटीची वीज भरायला परत आणायचे. मीसुद्धा मागितलं. त्यांच्या पेटीचा फोम मला उशीला चांगला झाला.

आजोबा एकदाही कुरकुरले नाहीत. प्रत्येकाला "घे बाळ" म्हणायचे. गावाचा इतका जीव जडला त्यांच्यावर की विचारू नका.

बाई मागच्या बाकावर बसून हे बघायच्या. साहेबांचा हुकूम होता की फक्त बघायचं. एकदा मी विचारलं, "बाई, वाईट वाटतं का हो?" तर त्यांनी वहीतलं एक पान मला दाखवलं. त्यावर त्यांनी ताराव्याला पाठवलेल्या पत्राची नक्कल होती, सगळं खरंखरं. त्याचं उत्तर आलं होतं एका ओळीचं, की मार्क बघता आपली तक्रार समजली नाही.

सत्र संपलं. इओतेबा साहेब आले, बावीस पोरांचे शंभर-शंभर मार्क बघून त्यांचे डोळेच भरून आले. अख्ख्या देशात असा निकाल नाही म्हणाले. यंत्राला चाकं का नाहीत, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. बाईंच्या हातात कागद दिला. शुक्रवारच्या बोटीनं मकिनला जायचं.

मी बाईंच्या घरी गेले. त्या चटया गुंडाळत होत्या. ताबिता सोबत होती, निरोप द्यायला म्हणून. बाईंनी सहज विचारलं, "ताबिता, सात आठे किती गं?"

ताबिता म्हणाली, "थांबा, आजोबांकडून आणते." आणि पळाली.

बाईंनी हातातली चटई सोडली. म्हणाल्या, "मरेता, हिला मागच्या वर्षी बाराचा पाढा येत होता." आणि रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मला दोनदा नापास करताना तर डोळ्यांत टिपूस नव्हता.

माझ्या डोक्यात एकदम आलं. मी म्हटलं, "बाई, आमच्यात या. काका तुम्हाला लेक म्हणून घेतील. मग उद्या मानेआबात आजोबांकडे शाळाच मागा. ते काय नाही म्हणतायत?"

"आणि परवा?" बाई म्हणाल्या. "परवा तुमची पोरं माझ्याकडे उत्तरं मागतील. मी कुणाची झाले की संपलंच गं. यासाठी सव्वीस वर्षं एकटी जेवले मी."

"मग मकिनला जाऊन काय करणार?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. एवढ्यात ताबिता धापा टाकत आली. "छप्पन्न." बाईंनी गुंडाळलेली चटई परत पसरली.

गुरुवारी काकांनी बाईंना लेक म्हणून घेतलं. हार घातला, डोक्याला तेल लावलं. बाई पाहुण्यांच्या कडेवरून उठून आमच्या खांबाशी येऊन बसल्या, माझ्या अगदी शेजारी. मग आजोबांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमची शाळा मी तुमच्याकडे मागते."

"घे बाळ," आजोबा कुजबुजले.

इओतेबा साहेब ताडकन उठले. "असं नाही चालणार. ते सरकारी यंत्र आहे."

बाउरो काका म्हणाले, "साहेब, खाली बसा. मानेआबात उभं राहून बोलत नाहीत. आणि दिलेलं परत घ्या असं माझ्या भावाला तुम्ही शिकवलंय का?"

साहेब बसले. शेवटी तेही आमच्याच लोकांतले. थोड्या वेळानं त्यांनी अहवालात काय लिहू म्हणून हळूच विचारलं. काका म्हणाले, "लिहा, यंत्रानं राजीखुशीनं दिली."

सोमवारी अख्खं गाव शाळेच्या कुडाला डोळे लावून उभं होतं. मीही होते. बाईंनी फळ्यावर पाच गणितं लिहिली. ताबिता उभी राहिली, हात जोडले. "आत्या, पहिल्या गणिताचं उत्तर मी तुमच्याकडे मागते."

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आपणच या बाईचा गळा कापला. नाही म्हणाल्या तर आमच्यातून उठल्या, हो म्हणाल्या तर शाळा बुडाली.

"त्र्याऐंशी," बाई म्हणाल्या. मग एकेक हात वर होत गेला आणि बाई देत गेल्या. पाचही उत्तरं बावीस वह्यांत पोचली. बाहेर लोक खूश. कुणी तर बाईंची सायकल मागायचं ठरवतही होतं.

मग बाईंनी खडू ठेवला. "झालं सगळ्यांचं मागून? आता मी मागते. आत्या आहे ना मी तुमची? ताबिता, मला तुझ्या आजपासूनच्या सगळ्या दुपारी दे. तीसतीस गणितं."

नाही म्हणायची सोयच नव्हती. बाई पोरागणिक मागत गेल्या. कुणाची दुपार, कुणाची पहाट, कुणाचा चर्चनंतरचा रविवार. मग कुडाबाहेर आल्या आणि बापांकडे पोरं मागितली, मासेमारीतून चार वाजेपर्यंत सुटी. माझ्याकडे माझा फोम मागितला, बसायला. द्यावा लागला. लोक चिडून घरी गेले, आणि सायकल न्यायला कुणी फिरकलं नाही, बदल्यात काय मागतील याचा नेम नव्हता.

मला राहवलं नाही. मी जाऊन आजोबांना विचारलं, "तुम्ही कुणाकडे कधीच काही का मागितलं नाही हो?"

"मला काही लागत नाही, बाळ," आजोबा म्हणाले.

एक सत्र बाईंचा नि पोरांचा नुसता झगडा चालला. पोरं एक उत्तर मागायची, बाई एक दुपार मागायच्या. पोरांच्या दुपारी संपल्या तेव्हा मागणं आपोआप कमी झालं. मग एका संध्याकाळी मी बाईंच्या ओसरीत मासे निवडत बसले होते. ताबिता पाटी घेऊन आली. डोळे सुजलेले, बोटं खडूनं पांढरी.

बाईंनी मान वर केली. "आता काय मागायचंय?"

"मागायला नाही आले, आत्या," ताबिता म्हणाली. "माझं मी सोडवलंय. दाखवायला आले."

बाईंनी पाटी दोन्ही हातांनी घेतली. मी डोकावून बघितलं, आणि दोनदा नापास झालेल्या मलासुद्धा दिसलं की गणित साफ चुकलंय. बाईंनी ताबिताला जवळ ओढून बसवलं आणि म्हणाल्या, "हं. आता सांग, हे तू कसं केलंस?"