शेवटच्या पानावर लिहिलेलं नाव

मुलांना हवं ते पुस्तक हातात दिलं की आपलं काम संपतं का? मला खरंच माहीत नाही.

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत मराठी मंडळाचं छोटं वाचनालय मी दर रविवारी चालवते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे पुस्तकांवर माझा भाबडा विश्वास आहे. गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीला मी दोन मुलींच्या प्रेमाची कादंबरी सुचवली. तिने ती दोनदा नेली.

पुस्तक नेणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत लिहायची आमची पद्धत आहे. आज सकाळी वाचनालयात ते पुस्तक चाळताना एका काकूंनी ती चिठ्ठी मुलीच्या आणि तिच्या आईच्या समोरच मोठ्याने वाचली.

"अच्छा, दोनदा? वहिनी, पोरीकडे लक्ष असू द्या हं!"

काकू हसल्या. आई हसली नाही. मुलीचं मनगट धरून ती निघाली. दारातून मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, माझं नाव कशाला लिहिलंस?"

दुपारी फोन केला, तर आई म्हणाली, "ती आता येणार नाही."

मित्रांनो, अशी पुस्तकं मुलांना जरूर सुचवा. पण ती वाचणाऱ्याला सांभाळायचं कसं, तेही मला सांगा. मी आज सगळ्या पुस्तकांतल्या नावांच्या चिठ्ठ्या काढून फाडून टाकल्या.