एका पुठ्ठ्यातली दोन पुस्तकं

पुस्तकाचं कार्ड कसं करायचं हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा तोरा होता. शहाऐंशी साली जळगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी नुकती लागले होते; नोकरी अजून कच्ची होती. शीर्षकपान उघडायचं, नाव, लेखक, विषय लिहायचा, झालं कार्ड. दिवसाला चाळीस कार्डं करायचे आणि ते सगळ्यांना ऐकवायचेही.

आमची फाटकी पुस्तकं एक चाचा बांधून द्यायचे. जवळच्या मोहल्ल्यात त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं, मागेच घर. ते आमचे सभासदही होते. बांधायला नेलेलं पुस्तक आधी वाचायचे, मग खळ लावायचे. "ताई, न वाचता शिवलं तर पानं मागेपुढे होतात," म्हणायचे.

त्या वर्षी तपासणीच्या आधी मी पुस्तकांची मोजदाद केली. एक सापडेना. केळीच्या लागवडीवरची पातळ पुस्तिका. शेतकरी मंडळी ती सारखी मागायची. बांधायला दिलेल्यांच्या यादीत ती होती, परत आलेल्यांत नव्हती. चाचा म्हणाले, "दिली ना मी, सगळ्यांबरोबर." मी यादी त्यांच्यापुढे सरकवली आणि चार वाचकांदेखत म्हणाले, "चाचा, कागद खोटं बोलत नाही." नियमाप्रमाणे त्यांचं सभासदत्वही थांबवलं.

त्यांनी घर उलथंपालथं केलं. पुन्हा आले तेव्हा आवाज खाली गेला होता. "दिल्यासारखी वाटते खरी. पण आता वय झालं." मग रविवारमागून रविवार ते भुसावळला, यावलला फिरले. यावलच्या एका केळीवाल्याकडून तीच पुस्तिका मिळवली आणि नवा पुठ्ठा घालून आणून दिली. मी तिला नवा क्रमांक दिला, त्यांचं सभासदत्व सुरू केलं आणि वर बजावलं, "पुढच्या वेळी लक्ष ठेवा." चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या माझ्या! तेव्हा मला ठाऊक नव्हतं, एवढीच माझी सबब.

दिवाळीच्या सुमारास चाळीसगावकडचे एक आबा विहिरींवरचं पुस्तक मागायला आले. मी काढून दिलं. उभ्याउभ्याच चाळता चाळता ते म्हणाले, "ताई, यामा ते केळीनं बी शे!"

विहिरींचं पुस्तक संपत होतं आणि त्याच पुठ्ठ्यात केळीची पुस्तिका सुरू होत होती. मग आठवलं. चाचांना मीच सांगितलं होतं, पातळ पुस्तकं दोन-दोन एकत्र बांधा, फळीवरची जागा वाचेल. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं, आणि मी पहिलं शीर्षकपान पाहून परत आल्याची नोंद केली, कार्ड केलं, शेवटापर्यंत पानं उलटलीच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा मात्र मी एका म्हाताऱ्या माणसाला घालायला लावला.

लगेच उठून जायला हवं होतं. दुकान पाच मिनिटांवर होतं. नोकरी कच्ची आहे, सचिव काय म्हणतील, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि माझी लाज मला त्यांच्या अब्रूपेक्षा मोठी वाटली. केळीच्या पुस्तिकेचं कार्ड मी गुपचूप दुरुस्त केलं. चाचांचं येणं हळूहळू बंद झालं, बांधणीचं काम दुसऱ्याकडे गेलं. मोहल्ल्याच्या रस्त्याने जायचं मी टाळू लागले.

चार वर्षांनी मला धुळ्याला नोकरी लागली. निघण्याच्या आदल्या दिवशी ते पुस्तक पिशवीत घालून मी दुकानात गेले आणि काय झालं होतं ते सांगितलं. चाचांनी पुस्तक उघडलं, शिवणीवरून बोट फिरवलं. "हे तर माझंच काम!" मग घराकडे तोंड करून बायकोला ओरडून म्हणाले, "सुनती क्या, मेरा दिमाग ठीक था!"

ते हसत होते, पण डोळे भरले होते. "त्यानंतर लोकांची पुस्तकं घ्यायचं सोडलं, ताई. आपलाच आपल्यावर भरोसा उरला नाही. आता कोऱ्या वह्या शिवतो. त्यात हरवायला काही नसतं."

मी माफी मागितली. त्यांनी चहा मागवला. कप माझ्या हातात देताना सहज विचारलं, "कधी सापडलं?"

"परवा," मी म्हणाले.

"बरं झालं, लगेच आलात," चाचा म्हणाले.