दिंडोरीला नेलेले अल्बम

गाणं ऐकून झाल्यावर माणसाला गप्पही बसता येतं, ही गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांना उभ्या आयुष्यात कोणी सांगितलेली नाही. सांगितली असती तरी त्यांनी सांगणाऱ्यालाच उलट विचारलं असतं, की तुम्ही शेवटचा अख्खा अल्बम कधी ऐकलात. अख्खा म्हणजे पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्याच क्रमाने, मध्ये फोन न घेता आणि चहाला न उठता. सुटं गाणं ऐकणारा माणूस त्यांच्या लेखी गाणं ऐकतच नाही, तो नुसता जाता-येता चाखत असतो. नोकरीची सगळी वर्षं मामांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली, लोकांच्या भांडणाऱ्या बांधांवर उभं राहून काढली, आणि निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही म्हणून ते अल्बमांच्या मागे लागले, असं मामी म्हणतात. भावगीतं असोत, कोळीगीतं असोत, मालेगावकडून आलेला अहिराणी अल्बम असो की कॉलेजातल्या पोरांचा रॅप असो, मामांना काहीही वर्ज्य नाही. मत मात्र प्रत्येकावर आहे, आणि ते पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय समोरच्याची सुटका नाही.

समोरचा ओळखीचा असावा अशीही अट नाही. एकदा नाशिकच्या द्वारका चौकात आमची रिक्षा गर्दीत अडकली होती आणि शेजारी कांद्याने भरलेल्या पिकअपमध्ये एक गाणं जोरात चाललं होतं. मामांनी रिक्षातून अर्धं अंग बाहेर काढून त्या ड्रायव्हरला सांगायला सुरुवात केली, की हे गाणं ऐकायचंच असेल तर याच्या आधीचं लावा, त्याशिवाय यातला राग कशावरचा आहे ते तुम्हाला कळणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, आधी गाडी निघू द्या, मग रागाचं बघू." मामांनी ते मनावर घेतलं नाही. उलट संध्याकाळपर्यंत ते त्या ड्रायव्हरबद्दल हळहळत होते, की माणूस चांगला होता, कान वाया चाललाय. लग्नाच्या मांडवात ते नवरानवरीला आशीर्वाद देण्याआधी डीजेवाल्याला गाठतात. तो बिचारा हेडफोन काढून हो हो करतो, आणि मामा स्टेजवर पोचेपर्यंत फोटोग्राफर जेवायला गेलेला असतो.

माझ्या मेहुणीला पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलं होतं. घरचं कोल्ड स्टोरेज, मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, सगळे खूश. घर बघून झाल्यावर मुलाकडचे आपल्याच गाडीतून सोडायला आले, आणि गाडीत वेगवेगळ्या अल्बमांतली निवडक गाणी एकामागून एक लागली. मामा खाली उतरले ते नकार घेऊनच. "निवडक गाणी ऐकणारा माणूस संसारही निवडकच करील," ते म्हणाले. घरातल्यांनी डोक्याला हात लावला. मेहुणीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, आणि तिचा नवरा गाणीच ऐकत नाही, म्हणजे मामांना बोलायला जागा नाही. मलाही त्यांनी असंच पारखलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात मला पहिला प्रश्न पगाराचा नाही, अल्बमचा आला. मी घाबरून म्हणालो, मी काही ऐकत नाही. मामा इतरांकडे वळून समाधानाने म्हणाले, "कोरी जमीन आहे." त्या कोऱ्या जमिनीवर त्यांनी गेली कित्येक वर्षं नांगर चालवलाय, आणि तिथे अजून काही उगवलेलं नाही हे मी इथे कबूल करून टाकतो.

पण मामांचं खरं काम असायचं रविवारी, दिंडोरीला. तिथे त्यांचे साडू राहतात. मामी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मावशींनी, ही दोन माणसं एका नात्यात बांधली, नाहीतर ती एका बाकावरही बसली नसती. साडूंना आम्ही सगळे आबा म्हणतो. द्राक्षबागेचे मालक, अंगाने दांडगे, आवाजाने त्याहून दांडगे, आणि मामांच्या प्रत्येक मताच्या विरुद्ध. मामांनी आठवडाभर एखादा अल्बम ऐकायचा, रविवारी तो दिंडोरीला न्यायचा, आबांच्या ओट्यावर डबीएवढा स्पीकर ठेवून तो अख्खा वाजवायचा आणि मग दोघांनी जेवणाची ताटं गार होईपर्यंत भांडायचं, असा शिरस्ता होता. मामांची स्कूटर घरच्यांनी बंद केल्यापासून सारथी मी. जाताना गाडीतही एक अल्बम लागतो, आणि दिंडोरी आली तरी तो संपला नसेल तर गाडी वणीच्या रस्त्याला लांबवर नेऊन परत आणावी लागते. मावशी फाटकात उभ्या असतात, आम्ही त्यांना हात करून पुढे निघून जातो.

आबांची टीका बागेतून यायची. मामांनी डोळे मिटून एखाद्या नव्या गायकाची तारीफ करावी आणि आबांनी अंगठ्याने मिशी चोळत म्हणावं, "सायेब, हे नाय जमलं. आठ गानी हायेत, छाटणीच नाय केली. चार काढून टाकली अस्ती, तर बाकीच्यात रस भरला अस्ता." मामा उसळून म्हणायचे, "आबा, तुम्हाला जिकडे तिकडे वेलच दिसते." त्यावर आबा शांतपणे, "आन तुमाला मोजणीचा नकाशा. हितून हितपत्तर गायकाची हद्द, पुढं सरकारी." मग मामा न जेवता उठायचे, मावशी त्यांना परत बसवायच्या, आणि परतीच्या वाटेवर मामा मला आबांची सगळी वाक्यं पुन्हा म्हणून दाखवायचे, शिव्या घालत आणि खुशीत. आबा पुष्कळदा चुकीचे असायचे. एका बासरीवाल्याला त्यांनी पंक्चर काढणारा म्हटलं होतं, आणि तो खरंच सुंदर वाजवत होता, हे मलासुद्धा कळलं होतं.

मागच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आबांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून ते चालत घरी आले, काठी लागते तेवढीच. बाग पुतण्या बघू लागला. बोलणं थोडं अडखळत का होईना परत आलं, पण ते सगळं एका शब्दात गोळा होऊन आलं. आबा आता कशालाही छान म्हणतात. वरणात मीठ नसलं तरी छान. पुतण्याने येऊन सांगितलं की बागेत डावणीचा रोग शिरलाय, घड गेले, तरी छान. ते ऐकून पुतण्या ओट्यावरच खाली बसला होता. मावशी सुरुवातीला म्हणायच्या, चला, आता माझं घर शांत झालं. पुढे त्यांनी ते म्हणणं सोडलं.

मामांनी आजारानंतरचा पहिला अल्बम नेला तेव्हा आबा शेवटपर्यंत ऐकत बसले आणि म्हणाले, "छान." मामांना केवढा आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा आबांनी त्यांचं ऐकलं होतं. हा आनंद गाडीत बसेपर्यंत टिकला. पुढच्या रविवारी पुन्हा छान, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा छान, आणि मामांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी जे सुरू केलं त्याचे हाल मला गाडीत बसून सोसावे लागले. ते मुद्दाम वाईट अल्बम शोधू लागले. अंगाईला ढोल लावलेला अल्बम त्यांनी नेला. एका बिल्डरने स्वतःच्या पन्नाशीला स्वतःच गाऊन काढलेला अल्बम नेला, त्यात तो मधूनमधून खाकरतो. आबांनी प्रत्येकाला तितक्याच मायेने छान म्हटलं. शेवटी तर मामांनी मला गाणी उलटसुलट लावायला सांगितलं, अर्ध्यावर तोडायला सांगितलं. मला ते जिवावर आलं, तरी मी केलं. मी गाणी तोडत होतो तेव्हा मामा दुसरीकडे तोंड करून बसले होते आणि आबा मान डोलवत होते.

आबांच्या तपासणीसाठी नाशिकला डॉक्टरांकडे जायचं होतं तेव्हा मामा बरोबर आले. डॉक्टर तरुण, उत्साही. रक्तदाब आटोक्यात आहे, चालणं सुधारलंय, स्वभावही शांत झालाय, अजून काय पाहिजे, असं ते म्हणाले. मामा म्हणाले, "ते सगळं ठीक. यांना मत कधी येईल?" डॉक्टरांना कळेना. त्यांनी विचारलं, "कशाबद्दल?" मामा म्हणाले, "कशाबद्दलही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मावशींकडे पाहिलं. आबा डॉक्टरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून छान म्हणाले.

एक अल्बम मामांनी राखून ठेवला होता. निळ्या कव्हरवर एका बाईची पाठ, आत सगळी विरहाची गाणी. मामांच्या मते त्यानंतर मराठीत अल्बम काढायची गरजच नव्हती. आबांना तो नावानेही सहन व्हायचा नाही. याच अल्बमवरून दोघे एका लग्नात असे भांडले होते, की साडूसाडूंचा फोटो काढायचा राहिला तो राहिलाच. मागच्या रविवारी मामांनी तो ओट्यावर लावला. मावशीही पदराला हात पुसत येऊन बसल्या. आम्ही चौघांनी तो पूर्ण ऐकला आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. संपल्यावर मामांनी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "काय आबा?"

आबा प्रसन्न हसले. "छान," ते म्हणाले.

मामांनी स्पीकर बंद केला. मग त्यांनी आवाज चढवला, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. "काय छान हाय हो यात? बाई गात नाय, रडतीया. सर्दी झालेल्या माणसानं गाऊ नाय, वाफ घ्यावी. आन काय त्या विरहाचं कौतिक, दहा गान्यांत एकदा तरी त्या नवऱ्याची बाजू सांगितली का?" आबांचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होतं. मग ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, बसलात काय असे? माझ्या बाजूने बोला. अल्बम चांगला आहे म्हणा." मी म्हणालो, चांगला आहे, मला तरी आवडला. मामांनी मला तीन वाक्यांत झोपवलं. मी पुन्हा उठायचा प्रयत्न केला, पुन्हा झोपवलं. इतकं वाईट भांडण त्या ओट्याने कधी पाहिलं नसेल. मला धड हरताही येईना. आबा आम्हा दोघांकडे आळीपाळीने, पाहुणे आल्यावर बघावं तसं, कौतुकाने बघत होते. मावशी उठून आत गेल्या आणि त्यांनी नळ सुरू केला.

परतताना मामांनी गाडीत काहीच लावू दिलं नाही. बागांवर जाळ्या टाकलेल्या होत्या, रस्ता मोकळा होता. बागा मागे पडल्यावर ते म्हणाले, "आबांचं बरोबर होतं. ती बाई रडतेच. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"तेव्हा म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी ते भांडले कशाला असते?"

मी म्हणालो, "मग आता सांगा की त्यांना. बरं वाटेल."

मामांनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

"सांगेन," ते म्हणाले. "पण छान म्हणतील हो ते."