बुऱ्हाणपूरचं काकण

निघताना आईनं सुतळीत ओवलेली काकणांची माळ सरळ माझ्या गळ्यात घातली. काकण म्हणजे आमच्या गोव्यातला बांगडीसारखा गोल, कडक पाव. सकाळी पोदेर (पाव भाजून दारोदार विकणारा) घेऊन येतो आणि आम्ही तो चहात बुडवून खातो.

"ही ताईची. वाटेत हात लावू नकोस," आई म्हणाली.

ताई लग्न होऊन बुऱ्हाणपूरला गेली, मागोमाग सरहद्द बंद झाली आणि तिचं माहेर तुटलं. आता गोवा भारतात आला होता, पहारे उठले होते. पण तिच्या सासऱ्यांनी कळवलं होतं, तिकडचं अजून काही खरं नाही, सूनबाईंना पाठवणार नाही. त्यांचं मन वळवायला घरातला सगळ्यांत गोडबोल्या म्हणून मला निवडलं गेलं. यावरून बाकीच्यांची कल्पना यावी.

मनमाडपर्यंत मी माळेला बोट लावलं नाही. मग समोरच्या गृहस्थानं विचारलं, "हे दारावर बांधायचं का हो?"

माझं डोकं फिरलं. "खाऊन बघा!" म्हणालो. त्यानं खाल्लं, तोंड वाकडं केलं. म्हणून त्याच्या बायकोला दिलं, मग शेजाऱ्याला, मग वरच्या फळीवर झोपलेल्याला उठवून. एक तरी माणूस वाहवा म्हणेपर्यंत मी थांबणार नव्हतो. भुसावळ आलं तेव्हा माझ्या गळ्यात नुसती सुतळी होती आणि वाहवा कुणीच म्हटलं नव्हतं.

बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर भावजी टांगा घेऊन आले होते. घरी पोचलो तर ताई उंबऱ्यात. मला बघून हसली, मग गळ्याकडे बघून म्हणाली, "काकणं?"

मी सुतळी काढून तिच्या हातात दिली.

तिनं ती बोटाला गुंडाळली. भावजी म्हणाले, "सालेसाहेब, हा धागा चाय में डुबवून खायचा का?"

"भावजी, जायच्या आत ताईला इथलं काकण खाऊ घालीन," मी म्हणालो. "याच गावात! आणि गोव्याच्या तोडीचं!"

ताईच्या सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे बाबा, माह्या हातचे मांडे खाय ना. रुमालावाणी पातळ. तो दगड काहाले पाह्यजे?"

मांडे मी खाल्ले. पालथ्या खापरावर भाजलेली, दोन हात पसरून धरावी लागेल एवढी पुरणाची पोळी. पाच खाल्ले आणि सहावा खाताना हट्ट आणखी पक्का केला.

दुसऱ्या दिवशी बाजारात टोस्ट-नानखटाई करणाऱ्या एका चाचांची भट्टी गाठली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गोल बना दूँगा. लेकिन बीच में छेद? मियाँ, लोग कहेंगे चाचा ने आटा चुराया."

"छेद हवाच. आणि पीठ ताडीनं फुगवायचं." आमच्याकडे माडाच्या ताडीशिवाय पाव होत नाही, हे मी अभिमानानं सांगितलं.

"तौबा! मेरी भट्टी में ताड़ी?" चाचांनी कानाला हात लावले. "मेरे पास दही का ख़मीर है, वही डालूँगा."

"मग ते काकण नाही!"

"तो मत खाओ!"

संपलं. शहाणा माणूस दह्याचं आंबवण चालवून घेऊन घरी गेला असता. मी पहाटे होडीनं तापी ओलांडून जैनाबादेच्या बाजूला गेलो. तिथे माड कुठला, पण शिंदीची झाडं होती. ताजी ताडी मडक्यात भरून घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि परतीच्या होडीत मडकं मांडीवर धरून बसलो. ऊन चढलं तशी ताडी फुगली. मधल्या धारेत फडकं उडालं आणि निम्मी ताडी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आली.

होडी घाटाला लागली. घाटावर एक वृद्ध गृहस्थ आंघोळ करून सूर्याला अर्घ्य देत होते. ते ताईचे सासरे होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, मग हवा हुंगली. "पाव्हणे," ते म्हणाले, "सकाळी सकाळी?"

"मामंजी, ही पावासाठी आहे."

"मी केळीचा बागवाला आहे, येडा नाही."

घरी पंचायत बसली. "गोव्याचं काही खरं नाही म्हणत होतो, आता डोळ्यांनी पाहिलं," मामंजी म्हणाले. "सूनबाई कुठे जाणार नाही." ताईनं माझ्याकडे असं बघितलं, की सरहद्द पुन्हा बंद झाली असती तर मला बरं वाटलं असतं. गप्प बसायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "पावासाठीच आहे! ताईला विचारा, लहानपणापासून रोज खात आलीय!"

"म्हणजे सूनबाईसुद्धा?" मामंजी खाली बसले.

तेव्हा सासूबाई उठल्या. "पोरगा खोटं बोलून राह्यला का खरं, ते करून पाहू. आण ते मडकं."

कणीक ताडीत भिजली. दुपारपर्यंत ती टम्म फुगली तेव्हा मामंजींनी दोनदा येऊन, न बघितल्यासारखं करून, बघितलं. मी कड्या वळल्या. अंगणात पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) जाळ केला, परातीत केळीचं पान, त्यावर काकणं, वर घमेलं पालथं आणि घमेल्यावर निखारे. काढली तेव्हा एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं फिकट, आणि निम्म्यांची भोकं बुजलेली.

ताईनं एक चहात बुडवलं. खाल्लं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"जळलंय," ती म्हणाली. "मीठ घातलंच नाहीस." डोळे पुसले. "दुसरं दे."

मामंजींनी एक उचललं, दाढेखाली धरलं, बराच वेळ झगडले आणि बाहेर काढून निरखलं. "हे असं खाऊन ही रडते," ते सासूबाईंना म्हणाले. "मग तिकडचं चांगलं काकण कसं असेल? पाठव तिला. खाऊन येऊ दे." मग माझ्याकडे वळून, "पाव्हणे, मात्र तुम्ही पुन्हा करू नका."

जिंकलो, पण असा अपमान करून कुणी कुणाला जिंकवू नये.

परतीला ताईच्या मांडीवर आईसाठी मांड्यांचा डबा होता. मनमाडला समोरच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो त्यात?" मी डब्याला हात घातला, तोच ताईनं माझ्या हातावर जोरात चापट मारली.

घरी पहिल्याच सकाळी पोदेर आला. आईनं ताईपुढे काकणं ठेवली, दोन्हीकडून सारखी भाजलेली, मीठ बेताचं. ताईनं एक संपवलं, दुसरं हातात घेऊन थोडा वेळ फिरवलं, आणि उठून चुलीत धरलं.

"अगं, काय करतेस?" आई ओरडली.

"जरा जळू दे," ताई म्हणाली.