डाव्या आरशात

दुपारचं जेवण अंगावर आलंय. भिंतीकडे पाय करून मी चटईवर आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय, तोच माझा धाकटा भाऊ सर्जेराव उशाशी येऊन बसतो.

चौदा वर्षं उसाचा ट्रक चालवला त्यानं. गेल्या दिवाळीत काविळीनं गेला. पण आल्या आल्या ते काढणं बरं दिसत नाही, म्हणून मी चहाचं विचारते.

"च्या ऱ्हाऊ दे, आक्का. केतकी सायकलनं जाती व्हय शाळेला?"

"मग! नववीला हाय. ट्रकलाबी भीत न्हाई," मी तोऱ्यात सांगते. लेकीला सायकल मीच शिकवली, आणि अक्कल शिकवण्यात मी कधीच हात आखडता घेतलेला नाही.

"काय सांगितलंयस तिला?"

"मोठी गाडी आली की डाव्या कडंला चिकटायचं. गाडी थांबली तर डावीकडनंच फुडं निघायचं. थांबून काय करायचंय?"

तो खिडकीकडे बोट करतो. स्वयंपाकघराची खिडकी रुंद रुंद होते, कट्ट्यावरच्या डब्यांचा डॅशबोर्ड होतो, आणि मी त्याच्या ट्रकमध्ये स्टेअरिंग धरून बसलेय. मला साधी स्कूटी येत नाही! समोर कारखान्याचा फाटा आहे.

"हितनं डावीकडं वळायचंय," क्लीनरच्या जागेवरून सर्जेराव म्हणतो. "आदी आरशात बघ. कोण दिसतंय?"

डाव्या आरशात उसाचं पाचट आणि रस्त्याचा तुकडा.

"कोण न्हाई."

"नीट बघ."

"न्हाई रं कोण!"

तो आपल्या बाजूचं दार उघडतो. खाली, चाकापासून हातभर अंतरावर, केतकी. एक पाय जमिनीला टेकवून, पाठीला दप्तर, अगदी निवांत. आईनं सांगितलं तशी डावीकडे चिकटून उभी.

"हितं उभं ऱ्हायलेलं माणूस ड्रायव्हरला दिसत न्हाई, आक्का. आन वळताना मागची चाकं कडंला घासून आत येत्यात. नेमकी तीच जागा तू पोरीला दावलीस."

"तिला मागं हो म्हण की!"

"माझं आता कुणाला ऐकू जात न्हाई."

ट्रक वळायला लागतो. मी काहीच केलेलं नाही, तरी वळतो. ओरडायला जाते तर आवाज फुटत नाही.

"ब्रेक, आक्का!"

कुठला ब्रेक? मी होती नव्हती ती ताकद लावून पाय दाबते.

"आई! अगं आई, ऊठ की!"

केतकी. गणवेशात, घामाघूम, धडधाकट. मी तिचं मनगट गच्च धरते.

"वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडनं जायचं न्हाई. कधीच न्हाई. मागं थांबायचं."

"पण तूच तर..."

"मी चुकीचं सांगितलं हुतं."

ती मटकन खाली बसते. आता कुठं मला तिचा पांढराफटक चेहरा दिसतो.

"फाट्यावर आत्ता एक ट्रक वळता वळता गचकन थांबला. माझ्या सायकलला टेकलाच हुता. ड्रायव्हर खाली उतरला, तर त्यालाच रडू फुटलं. म्हणला, पोरी, तू मला दिसलीच नव्हतीस. पाय आपोआप ब्रेकवर पडला."

मी उठायला जाते. चटईभर गिलावा सांडलाय. भिंतीत माझ्या उजव्या पावलाएवढा खळगा पडलाय आणि पाऊल अजून त्यातच आहे.

"पाय काढ की, आई."

मला काढवत नाही.