वीरगळाचं तेल

आमच्या गावात घरटी एक फौजी, आणि निवृत्त फौजी काही स्वस्थ बसत नाही. जत्रा जवळ आली की आमचे हे आणि यांची मित्रमंडळी झाडांचे बुंधे, पाराचा कठडा, जे जे हलत नाही ते सगळं रंगवून काढतात. खाली गेरू, वर चुना. पलटणीत लागलेली खोड, जाता जात नाही. गेल्या वर्षी या तडाख्यात देवळाच्या अंगणातला वीरगळही सापडला.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा जुन्या वीराचा कोरीव दगड. पोरगं सुट्टी संपवून पलटणीत निघालं की आई त्या दगडावर वाटीभर तेल घालते, मगच ते एस.टी.त बसतं. सासूबाईंनी यांच्यासाठी घातलं, मी मुलासाठी घालत आले.

देऊळ संरक्षित स्मारक आहे, तसा फलकच दारात आहे. यांनी त्या फलकाच्या खांबालाही गेरू दिला होता! पुरातत्त्व खात्याच्या बाई साताऱ्याहून पाहणीला आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हा गुन्हा आहे. तुरुंगात जाल."

"आवं म्याडम, आमी तर साफसफाई केलीया," हे सावधानमध्ये उभे राहून म्हणाले. मला हसू आवरेना.

पुढचं ऐकलं आणि हसू पळालं. चुना उतरवायचा आणि यापुढे दगडावर रंग नाही, शेंदूर नाही, तेलसुद्धा नाही. तेलावर धूळ बसून दगड खराब होतो म्हणे. माझा मुलगा सुट्टीवर आलेला, थोड्याच दिवसांत सीमेवर जायचा. मी भडकलेच. "तुमचा कायदा माझ्या पोराला राखणार हाय व्हय?"

बाई रागावल्या नाहीत. शेजारी पायरीवर बसल्या. "मी शिराळ्याची, मावशी. नागपंचमीला आम्ही जिवंत नाग पुजायचो. कायद्यानं ते थांबलं तेव्हा माझी आई दिवसभर जेवली नाही. आता मातीचा नाग पुजते. देव काही रुसला नाही."

त्यांनी सगळ्यांना समज दिली आणि जाणकार माणसं आणून वीरगळ मऊ ब्रशनं, पाण्यानं धुवून घेतला. पाणी आमच्या फौजेनं वाहिलं.

मुलगा निघाला त्या सकाळी सवयीनं मी वाटी घेऊन गेलेच. चुन्याबरोबर आमच्या तेलाशेंदराचं जुनं पुटही गेलं होतं. खालच्या चौकटीत पडलेल्या वीराचं तोंड दिसत होतं. कोवळं, माझ्या पोराच्याच वयाचं. इतकी वर्षं ज्याला लेक सोपवत आले, त्याला मी पहिल्यांदा पाहिलं. मला रडू फुटलं. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

दगडाला नुसते हात जोडले आणि वाटी शेजारी उभ्या मुलाच्या डोक्यावर ओतली. बारीक कापलेल्या केसांत तेल ठरेना, कानामागून ओघळलं.

"आगं आये, नवा शर्ट हाय!" तो ओरडला. पण वाटी रिकामी होईपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.